रविवारचे अर्धे शटर

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीचे नाव घेतले, तर आज कोणाच्याही डोळ्यांपुढे तपकिरीची डबी उभी राहत नाही. उभी राहतात ती वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, स्पीकरचे खोके आणि त्यांतून वाट काढणारे हमाल. या परिसरात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर शेठजींचे सुट्या भागांचे दुकान होते. दुकान कसले, दहा फूट रुंद आणि तीस फूट खोल असा एक बोळच तो; दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणावर शाईने लिहिलेली चिठ्ठी. रविवारी दुकान बंद असे. तरीही सकाळी साडेनऊच्या सुमारास शटर अर्धे वर जाई आणि तीन वृद्ध गृहस्थ कमरेत वाकून एकामागून एक आत शिरत. वाकणे त्यांच्यापैकी एकालाही सोपे राहिले नव्हते. पण शटर पूर्ण उघडले तर गिऱ्हाईक येते, आणि आलेले गिऱ्हाईक शेठजींच्याने परत पाठवत नाही, हे सर्वांस ठाऊक होते. ही हकिकत दहा-बारा वर्षांपूर्वीची.

तिघांत अण्णा सर्वांत वडील. टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेली. नाना पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे मोजमापाची उपकरणे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. तिसरे मास्तर, तंत्रनिकेतनात शिकवीत. चौथे अर्थातच शेठजी. बाकीचे तिघे हातांनी रेडिओ जुळवणारे. शेठजींनी मात्र आयुष्यात एकदाही डाख दिला नव्हता. रेझिस्टन्सवरील तपकिरी, काळा, लाल अशा पट्ट्या लांबून पाहून ते ‘एक हजार ओहम’ असे क्षणात सांगत, खण न पाहता हात नेमका तिथे जाई. पण त्या वस्तूचे मंडलात पुढे काय होते याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. माल ओळखावा, माणूस ओळखावा, उधारी लक्षात ठेवावी, एवढे त्यांना पुरेसे वाटे.

बैठकीत पहिला अर्धा तास प्रकृतीचा. हाही विषय हे लोक आपल्याच भाषेत बोलत. नानांच्या गुडघ्याचे बेअरिंग गेलेले, मास्तरांच्या कानात घरघर, म्हणजे कुठला तरी फिल्टर कंडेन्सर सुकलेला. अण्णांच्या छातीत पेसमेकर बसवला होता, आणि त्या यंत्राविषयी त्यांना भीतीपेक्षा कुतूहलच अधिक. ‘‘बॅटरी इतकी वर्षं चालते म्हणे! आणि आपल्याला टॉर्चचा सेल सहा महिने पुरत नाही,’’ असे ते दर महिन्याला नव्याने सांगत, आणि दर महिन्याला बाकीचे नव्याने मान डोलावत.

मग जुन्या दिवसांची पाळी. अण्णांचा पहिला संच म्हणजे एक गुंडाळी, एक ओए-७९ डायोड आणि खात्यातून बाद झालेल्या टेलिफोनचा कर्णा. त्याला सेल लागत नसे. गच्चीवर ताणलेल्या तांब्याच्या तारेत रेडिओ-लहरींची जी अत्यल्प शक्ती येई, तीवरच तो बोले. रात्री अंथरुणात पडून त्यांनी पुणे केंद्र ऐकले, तेव्हा आपण चोरी करीत आहोत असे त्यांना वाटले होते. त्या काळी रेडिओला टपाल खात्याचा परवाना लागे आणि घरी जुळवलेल्या संचाचे काय करावे हे विचारायला जाण्याची कोणाची छाती होत नसे. नानांनी महाविद्यालयात असताना सहा ट्रान्झिस्टरचा संच केला. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या एसी-१२८ची जोडी त्यांनी याच दुकानातून, शेठजींच्या वडिलांकडून, दोन हप्त्यांत घेतली होती. १९६९ साली दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले. त्याचा एकेक अंक चार घरे फिरून परत येईपर्यंत पानांवर शिशाचे थेंब आणि चहाची वर्तुळे उमटलेली असत.

या सगळ्यांनंतर, चहाचा दुसरा कप येईतो, संभाषण मुलांवर जाई. बँकेच्या भाषेत बोलायचे तर मुलांचे यश ही या मंडळींची मुदत ठेव होती. मूळ रक्कम हलवायची नाही, व्याज तेवढे दर रविवारी येऊन बोलून जायचे. तीत गैर काही नव्हते. ज्याने पगाराच्या पाकिटातून आधी शाळेची फी बाजूला काढली आणि उरल्या पैशांत कंडेन्सर घेतले, त्याने उतारवयात थोडे व्याज मोजले तर कोणाचे काय गेले?

नानांचा मुलगा जर्मनीत मोटारींच्या नियंत्रक यंत्रणांवर काम करी. त्याच्या घरापुढचा बर्फ, त्याच्या मुलीचे मराठी, त्याने घेतलेले घर यांची वार्ता नाना नेमाने देत. अण्णांची नात डॉक्टर होणार होती. आणि मास्तरांची मुलगी बंगळुरूला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होती. तिच्याविषयी बोलताना मास्तरांची जरा पंचाईत होई.

पंचाईत अशी की, ज्या विषयात त्यांनी आयुष्य घालवले त्याच विषयात मुलगी गेली होती, आणि तरीही ती काय करते हे त्यांना धड सांगता येत नव्हते. १९७१ साली निघालेल्या इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. एवढे त्यांनी फळ्यावर अनेक वर्षे शिकवले होते आणि एवढ्यावर त्यांची कल्पनाशक्ती थांबत असे. मुलगी ज्या चिपवर काम करी तीत ते अब्जांनी होते. ‘‘म्हणजे ती मंडल काढते का?’’ अण्णांनी एकदा विचारले. मास्तर म्हणाले, ‘‘नाही. काढणारे वेगळे. ही त्यातल्या चुका शोधते. चिप अजून तयारच झालेली नसते, नुसती संगणकात असते. तेव्हाच हजार तऱ्हांनी तिची परीक्षा घ्यायची. कारण एकदा कारखान्यात घडली, की आत डाख लावायला जागा नाही. चूक राहिली तर सगळी फेकायची.’’

‘‘अजून नसलेल्या वस्तूची दुरुस्ती,’’ नाना म्हणाले. मास्तरांना ते आवडले. पुढे पुष्कळ दिवस ते मुलीचा व्यवसाय असाच सांगू लागले.

ही मुलगी लहानपणी मास्तरांच्या टेबलाशी बसून मिसळलेले रेझिस्टन्स रंगपट्ट्यांप्रमाणे वेगळे करी. डझनाला दहा पैसे असा दर ठरला होता. तिने चुका केल्या तर मास्तर पैसे कापीत. नंतर तिने वडिलांच्याच मोजणीतली चूक दाखवली आणि पैसे उलट मागितले. ही गोष्ट शेठजींना फार प्रिय होती. ‘‘मुलगी व्यापाऱ्याच्या घरात यायला हवी होती,’’ असे ते दर वेळी म्हणत.

शेठजींकडेही सांगण्यासारखे होते. थोरला मुलगा पहिल्याच प्रयत्नात सीए होऊन मुंबईत स्थिरावला होता. मुलगी सुरतेला चांगल्या घरी पडली होती. त्यांची नावे निघाली की शेठजींचा आवाज किंचित खाली येई, जणू भाव सांगायचा आहे आणि तो ऐकणाऱ्याला स्वस्त वाटता कामा नये. पण त्यांना धाकटा मुलगाही होता, आणि त्याच्याविषयी ते अवाक्षर काढीत नसत. तो काही दूर नव्हता. त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर, लाकडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून गेले की तो बसलेला असे. रविवारीही असे. मधूनच वरून पंख्याच्या वाऱ्याबरोबर रोझिनचा वास खाली येई.

धाकट्याने अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडले होते. नापास झाला म्हणावे तर तसेही नाही. दोन विषय राहिले, ते देता आले असते. त्याऐवजी त्याने पोटमाळ्यावर टेबल मांडले आणि बंद पडलेली यंत्रे उघडायला सुरुवात केली. आधी इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर, मग कपडे धुण्याच्या यंत्रांतील पट्ट्या, आणि पुढे कारखान्यांतून येणारे, ज्यांचे नकाशे मिळत नाहीत असे कंट्रोल कार्ड. कमाई बरी होती. ती किती, हे शेठजींनी कधी विचारले नाही, आणि हिशेबात मुरलेल्या माणसाने एखादी रक्कम विचारू नये यात बरेच काही आले.

त्यांचे दुखणे पैशांचे नव्हतेच. त्यांच्या वडिलांपासून या दुकानात काउंटरला दोन बाजू होत्या. आतल्या बाजूस माल विकणारा, गादीवरचा. बाहेरच्या बाजूस माल नेणारा, ज्याची नखे काळी आणि शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. कारागिरांशी शेठजी कधी उद्धटपणे वागले नाहीत, त्यांना उधार दिले, लग्नकार्यात हातभार लावला. पण बाजू म्हणजे बाजू. आपला मुलगा काउंटर ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगा काय करतो’ असा प्रश्न आला की ते ‘दुकानातच असतो’ असे उत्तर देत. उत्तर खोटे नव्हते.

असे चालले असता नोव्हेंबरातल्या एका रविवारी नाना रिक्षातून एक रेडिओ घेऊन आले. मर्फीचा, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. त्यांच्या वडिलांनी १९६४ साली घेतलेला. शटर त्या दिवशी थोडे अधिक वर न्यावे लागले. नानांच्या पत्नी हयात असताना स्वयंपाकघराच्या दारात हा रेडिओ असे, आणि ‘आपली आवड’ लागली की पोळपाटाचा आवाज थांबे. डिसेंबरात जर्मनीहून मुलगा, सून, नात पंधरा दिवसांसाठी येणार होते. मुलाने फोनवर सहज विचारले होते, ‘‘बाबा, तो मर्फी आहे का अजून?’’ नानांनी आहे म्हटले. तो चालतो का हे मुलाने विचारले नव्हते. तरी चालणे आता भाग होते.

दोष असा की, रेडिओ लावला की प्रथम उत्तम वाजे. ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र स्वच्छ लागे. दहा-पंधरा मिनिटे गेली की आवाज हळूहळू फाटू लागे आणि अर्ध्या तासात निवेदिका घसा बसल्यासारखी बोले.

तीन जाणत्यांना इतके मिळाल्यावर आणखी काय हवे! अण्णांनी शेवटच्या ईएल-८४ व्हॉल्व्हवर ठपका ठेवला. शेठजींनी वरच्या खणातून, धुळीने तपकिरी झालेल्या पुठ्ठ्यातला, कोरा व्हॉल्व्ह काढून दिला. पैसे लिहिले नाहीत. फरक पडला नाही. पुढच्या रविवारी नानांनी फिल्टरचे कंडेन्सर बदलले. गुरगुर गेली, आवाज फाटायचा तो फाटतच राहिला. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी मल्टिमीटर घेऊन शिस्तीत प्रत्येक ठिकाणचे व्होल्ट वहीत उतरवले. सगळे जिथल्या तिथे होते. त्यांनी संशय घेऊन एक मेणाचा जुना कंडेन्सर सोडवून मीटरवर तपासला, तर तोही निर्दोष निघाला. ‘‘पुस्तकाप्रमाणे या रेडिओला काही झालेलं नाही,’’ असे जाहीर करून त्यांनी तो परत लावला.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही, की आवाज फाटू लागला की बोलण्यात व्यत्यय येई. मास्तरांच्या मुलीला त्या आठवड्यात बढती मिळाली होती आणि नाना विमानाच्या वेळा सांगत होते. तेव्हा दर वेळी कोणीतरी हात लांब करून रेडिओ बंद करी, आणि तपासणी पुढे चाले ती थंड झालेल्या संचावर.

तिसऱ्या रविवारी मंडळी उठली तेव्हा धाकटा जिन्यावरून खाली आला. ‘‘नानाकाका, राहू दे इथं. बघतो,’’ एवढेच म्हणाला. शेठजी म्हणाले, ‘‘अरे, हे जुनं काम आहे. तुझ्या कार्डांसारखं नाही.’’ त्याने रेडिओ उचलला आणि वर नेला. जिना अरुंद, पेटी कठड्याला लागू नये म्हणून तो एकेक पायरी पाठीने चढला. शेठजी खालून पाहत राहिले.

पुढच्या रविवारी मंडळी आली तेव्हा मर्फी काउंटरवर ठेवलेला होता आणि वाजत होता. केव्हापासून, असे नानांनी विचारले. ‘‘सकाळी साडेसातपासून,’’ धाकटा म्हणाला. दोन तास झाले होते आणि निवेदिकेचा घसा शाबूत होता.

मास्तरांना राहवेना. ‘‘काय होतं?’’

‘‘तुम्ही सोडवलेला तोच कंडेन्सर, मास्तर.’’

‘‘तो मी तपासला होता.’’

‘‘मीटरवर तपासलात. मीटर त्याला किती व्होल्ट देतो? सेलवरचा मीटर तो, दोन-चार. संचात त्याच्या एका टोकाला शंभराच्या घरात येतात. आणि तापल्यावर गळतो, गार असताना नाही.’’

मास्तर क्षणभर गप्प झाले. हा कंडेन्सर आधीच्या व्हॉल्व्हमधून आवाज तेवढा पुढे जाऊ देतो आणि तिथली विजेची स्थिर दाब-पातळी अडवून धरतो. तो गळू लागला की नको तो दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर चढतो, व्हॉल्व्ह ओढू नये तितका प्रवाह ओढतो, तापतो आणि आवाज फाटतो. ही सगळी प्रक्रिया मास्तरांनी तीस वर्षे शिकवली होती. म्हणून पुढे त्याला काही सांगावे लागले नाही. त्याने पुढे एवढेच सांगितले की, रेडिओ लावून तो पन्नास मिनिटे बसला, मग कंडेन्सरचे पुढचे टोक मोकळे केले आणि तिथे मोजले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. अठरा व्होल्ट आले.

‘‘पन्नास मिनिटं नुसता बसलास?’’ अण्णांनी विचारले.

‘‘दुसरं काय करणार? गरम व्हायला वेळ लागतो त्याला.’’

‘‘आम्हांला पन्नास मिनिटं गप्प बसता आलं नाही,’’ मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातली वही काढली, गेल्या रविवारच्या आकड्यांवर तिरपी रेघ मारली आणि खाली ‘थंड’ असा एक शब्द लिहिला.

इतक्यात धाकट्याने बिलबुक पुढे केले. त्यावर लिहिले होते: कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्ट, नग १, रुपये १२. तपासणी व दुरुस्ती मजुरी, रुपये ३५०. एकूण ३६२. दोषाचे वर्णनही दोन ओळींत होते.

शेठजींचा चेहरा उतरला. ‘‘अरे, नानांकडून पैसे? वडिलांच्या वेळेपासून येतात ते. गेल्या महिन्यात व्हॉल्व्ह दिला तो मी लिहिलादेखील नाही.’’

‘‘पप्पा, तो दुकानाचा माल होता. तुमचा हक्क आहे, तुम्ही सोडला.’’ आवाज त्याने चढवला नाही. ‘‘ही मजुरी आहे.’’

दुकानात कोणी काही बोलेना. मर्फीवर कोणी तरी खतांच्या मात्रेविषयी शेतकऱ्यांना माहिती देत होते. शेठजींनी बिलबुक हातात घेतले आणि चष्मा कपाळावरून खाली आणून वाचले. दोषाच्या दोन ओळी त्यांनी दोनदा वाचल्या असाव्यात. अक्षर वळणदार होते, खाडाखोड नव्हती. आकड्यांच्या शेवटी फसवणूक होऊ नये म्हणून आडवी रेघ ओढलेली होती. ती सवय या घरातली होती. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कंडेन्सरच्या ओळीवर काट मारली, बेरीज दुरुस्त करून ३५० लिहिली, बाजूला सही केली आणि बिल नानांपुढे ठेवले.

नानांनी शंभराच्या तीन आणि पन्नासाची एक अशा नोटा मोजून दिल्या. शेठजींनी त्या गल्ल्यात टाकल्या नाहीत, धाकट्यापुढे सरकवल्या.

रेडिओ रिक्षात ठेवण्यापूर्वी मागचा पुठ्ठा लावायचा राहिला होता. पेटीच्या आतल्या लाकडावर, पूर्वीच्या कारागिरांची पद्धत होती तशा, दोन जुन्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. एकीवरची शाई पार उडाली होती. दुसरीवर ‘१९७८, रेक्टिफायर व्हॉल्व्ह’ एवढे लागत होते. नानांनी त्या पाहिल्या आणि आपल्या हातातले बिल पाहिले.

‘‘शेठ, हेही आत लावू या का? मुलगा आला की दाखवीन.’’

‘‘तुमची पावती आहे, तुमच्याकडे राहायला हवी,’’ शेठजी म्हणाले, ‘‘त्याला दुसरी प्रत काढू दे.’’ आणि धाकटा कार्बन शोधतो आहे तोवर ते स्वतः उठून मागच्या खणांकडे डिंकाची बाटली आणायला गेले.